शेकडा एक की आठ टक्के चक्रवाढ? मामा नेमके कधीपर्यंत पुढे राहतात

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मागून वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. आईजवळ एक लाख रुपये साठलेत. मामांचं म्हणणं, ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्याकडे ते शेकडा एकने ठेवू. म्हणजे शंभराला महिन्याला एक रुपया, वर्षाला १२ टक्के, सरळव्याज, आणि मुद्दल-व्याज सगळं शेवटी एकदम. तुमचं म्हणणं, ८ टक्के चक्रवाढीने मुदत ठेव करू. कॉलेजात सरांनी शिकवलंय की एक्स्पोनेन्शियल फंक्शन (दरवेळी ठरावीक पटीने वाढणारं) लिनिअरला (दरवेळी तेवढीच भर पडणाऱ्याला) नेहमी मागे टाकतं. त्या भरवशावर तुम्ही मामांशी पैज लावलीत, वहीत आकडे मांडलेत, आणि दहा वर्षांपर्यंत मामाच पुढे निघाले. म्हणून विचारताय, ‘सर चुकले की माझं गणित चुकलं?’ शिवाय परीक्षेसाठी एक शेपूट जोडलंय: आलेखावर सरळव्याजाची रेषा आणि चक्रवाढीचा वक्र एकमेकांना किती वेळा छेदतात?

सर चुकले नाहीत आणि तुमचं गणितही बरोबर आहे. फक्त सरांच्या वाक्यातला ‘अखेरीस’ हा शब्द तुमच्या वहीत उतरताना ‘नेहमी’ झाला. सर ‘अखेरीस’च म्हणाले असणार. वर्गात मीही तसंच म्हणतो आणि पेपर तपासताना निम्म्या मुलांनी ‘नेहमी’ लिहिलेलं असतं. गेली २८ वर्षं मी अकरावी-बारावीला गणित शिकवतोय. त्याआधी काही वर्षं एका पतसंस्थेत व्याजाच्या वह्या लिहिल्या. त्यामुळे हा वक्र मी फळ्यावर काढायच्या आधी खातेवहीत पाहिलाय, आणि त्याच्यापायी एकदा चांगला अडकलोही होतो. ते पुढे सांगतो.

आधी तुमचे आकडे. साधा कॅल्क्युलेटर घ्या. कॅसिओ असेल तर १.०८ दाबा, गुणिलेचं बटण दोनदा दाबा आणि मग नुसतं ‘बरोबर’ दाबत राहा. पहिल्यांदा दाबलं की दुसऱ्या वर्षाचा आकडा येतो, १.१६६४. नवव्यांदा दाबलं की दहाव्या वर्षाचा, २.१५८९. आता शेजारी मामांचा रकाना लिहा. त्यात दरवर्षी १२,००० मिळवायचे, बाकी काही नाही.

पहिल्या वर्षाअखेर मामा १,१२,००० वर, तुम्ही १,०८,००० वर. तिसऱ्या वर्षी १,३६,००० आणि १,२५,९७१. सहाव्या वर्षी १,७२,००० आणि १,५८,६८७. दहाव्याला २,२०,००० आणि २,१५,८९२. अकराव्याला मामा २,३२,००० वर आणि तुम्ही २,३३,१६४ वर. पैज तुम्ही जिंकलीत, पण अकराव्या वर्षी आणि ११६४ रुपयांनी. विसाव्या वर्षी मात्र ३,४०,००० विरुद्ध ४,६६,०९६. तिसाव्याला ४,६०,००० विरुद्ध १०,०६,२६६, म्हणजे दुपटीहून जास्त.

या आकड्यांत बहुतेकांच्या नजरेतून निसटणारी एक गोष्ट आहे. तुम्ही मामांना अकराव्या वर्षी गाठलंत खरं, पण वारं फिरलं त्याच्या कितीतरी आधी. दोघांतलं अंतर दरवर्षी लिहून बघा. पहिल्या वर्षी ४,०००, पाचव्या वर्षी १३,०६७, सहाव्या वर्षी १३,३१३, सातव्या वर्षी १२,६१८. सहाव्या वर्षापर्यंत अंतर वाढतंय, सातव्यापासून कमी होतंय. कारण सातव्या वर्षी तुमच्या ठेवीत त्या एका वर्षात १२,६९५ रुपयांची भर पडते आणि मामांची भर तीच, १२,००० ची. म्हणजे सातव्या वर्षापासून तुम्ही जास्त वेगाने धावताय, पण मागून. नुसत्या रकमा बघणाऱ्याला ही चार-पाच वर्षं तुम्ही हरताना दिसता. मी मुलांना सांगतो की दोन फंक्शनांची तुलना करताना दोन रकाने पुरत नाहीत, तिसरा फरकाचा हवा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या तिसऱ्या रकान्यातच असते.

आता हे होतं का, ते सांगतो. सोलापूरकराला त्यासाठी लांब जायला नको. पूर्व भागात कुठल्याही कारखान्यात जाऊन उभे राहा. माग चालू असतो, धोटा इकडून तिकडे जातो आणि पाळी संपते तेव्हा ठरावीक चादरी निघालेल्या असतात. उद्या तेवढ्याच, परवाही तेवढ्याच. आजवर गोदामात हजार चादरी साठल्यात की दहा हजार, याचं मागाला सोयरसुतक नाही. चादरी मागाला मदत करत नाहीत आणि मागाला पिल्लं होत नाहीत. साठा वाढतो तो बाहेरून दरवेळी तेवढीच भर पडते म्हणून. हे रेषीय फंक्शन. मामांचा व्यापारीही असाच. साठलेल्या व्याजाकडे तो बघतच नाही, मूळ एक लाखालाच दरमहा हजार रुपये लावतो.

याउलट कंबर तलावावरची जलपर्णी बघा. (कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव, पण तोंडात कंबर तलावच येतं.) जलपर्णीत भर बाहेरून पडत नाही. आज जेवढी रोपं आहेत तीच नवी रोपं काढतात. हवा-पाणी मानवलं तर साधारण दोन आठवड्यांत पसारा दुप्पट. म्हणून आज शंभर रोपं असतील तर पंधरा दिवसांत शंभराची भर आणि दहा हजार असतील तर तेवढ्याच दिवसांत दहा हजारांची. जितकं आहे त्या प्रमाणात वाढतं, ते एक्स्पोनेन्शियल, घातांकी. चक्रवाढीत व्याजावर व्याज चढतं ते यामुळेच. तलाव अर्धा भरेपर्यंत कुणी लक्ष देत नाही आणि वाढ तशीच चालू राहिली तर उरलेला अर्धा भरायला फक्त शेवटचा पंधरवडा लागतो.

बुद्धिबळाच्या पटावरचे धान्याचे दाणे सगळ्यांनी ऐकलेत, ते मी मुद्दाम सोडतोय. त्या गोष्टीत दर टप्प्याला दुप्पट होतं, त्यामुळे वक्र लगेच उसळतो आणि मुलांचा समज होतो की घातांकी म्हणजे सुरुवातीपासूनच प्रचंड. ८ टक्क्यांचा वक्र तसा नाही. पहिली पाच-सात वर्षं आलेख-कागदावर काढलात तर पट्टीने ओढल्यासारखा दिसतो. याच दिसण्यामुळे मी अडकलो होतो.

पतसंस्थेत होतो तेव्हाची गोष्ट, १९९० नंतरची. संस्थेचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती. विडी वळणाऱ्या एका मावशींची १०,००० ची ठेव होती, पाच वर्षांची, १२ टक्के, चक्रवाढ. खातेवहीत मी ती सरळव्याजाच्या पानावर चढवली. दर मार्चला मी १,२०० रुपये व्याज मांडत गेलो. पहिल्या वर्षी फरक शून्य, त्यामुळे तपासणाऱ्यालाही काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी १४४ रुपयांचा फरक, तोही कुणाच्या डोळ्यावर आला नाही. तिसऱ्या वर्षाअखेर ४४९. मुदत संपली तेव्हा मावशी पावती घेऊन काउंटरवर आल्या. सोबत शाळेत जाणारा नातू, त्याच्या हातात वहीचं फाडलेलं पान. "ओ साहेब, पोराचा हिशोब निराळा निघालाय की," म्हणाल्या. मी १६,००० मांडले होते, पोराच्या पानावर १७,६२३ होते. पोरगं बरोबर होतं. फरकाचे १,६२३ रुपये संस्थेने दिले आणि ते माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापले. तेव्हापासून व्याजाचा कुठलाही तक्ता पुढे आला की मी आधी दुसऱ्या वर्षाचा आकडा बघतो. पहिलं वर्ष काहीच सांगत नाही, सरळ आणि चक्रवाढ तिथे सारखेच दिसतात.

आता तुमच्या सरांच्या वाक्यामागचं कारण. मामांना दरवर्षी १२,००० मिळतात, ते कायम तेवढेच. पण जवळ असलेल्या रकमेच्या ते किती टक्के होतात? पहिल्या वर्षी १२. सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला हातात १,६०,००० आहेत, त्यावर १२,००० म्हणजे साडेसात टक्के. दहाव्या वर्षी पावणेसहाच्या आसपास. तिसाव्या वर्षी तीन टक्क्यांच्याही खाली. मामांचा दर कागदावर १२ राहतो, पण प्रत्यक्षात तो झिजत जातो. तुमचे आठ मात्र आठच राहतात. रेषेचा तोटा इथे आहे. ती थांबत नाही, पण स्वतःच्या मानाने मंदावत जाते.

दुप्पट होण्याच्या काळाने हेच आणखी स्वच्छ दिसतं. शेकडा एकने रक्कम बरोबर १०० महिन्यांत दुप्पट होते. मामांना हे तोंडपाठ असणार, जुन्या लोकांना असतंच. पोस्टातलं किसान विकास पत्र एप्रिल २०२३ पासूनच्या साडेसात टक्के दराने ११५ महिन्यांत दुप्पट होतं. म्हणजे पहिल्या दुपटीला मामा १५ महिन्यांनी पुढे. पण पुढची दुप्पट? दोन लाखांचे चार लाख व्हायला मामांना आणखी २०० महिने लागतात, चाराचे आठ व्हायला आणखी ४००. साडेसात टक्क्यांच्या चक्रवाढीला दरवेळी तेच ११५. आठ लाखांपर्यंत पोहोचायला मामांना एकूण ७०० महिने, चक्रवाढीला ३४५. (पत्राची मुदत पहिल्या दुपटीलाच संपते. पुढचं गणित तोच दर पुढेही मिळत राहिला असं धरून आहे.) दर आठ असेल तर ७२ ला ८ ने भागा, साधारण नऊ वर्षांत दुप्पट. हा ७२ चा ठोकताळा तुम्हाला माहीत असेलच.

इथपर्यंत वर्गात सगळे माना डोलावतात. मग एखादी मुलगी विचारते, सर, रेषा खूपच चढी असली आणि वक्र अगदीच मंद असला तर? हा प्रश्न चांगला आहे, कारण सरांच्या वाक्याची खरी कसोटी तिथे लागते. समजा एकीकडे १००० क्ष आहे, दर पावलाला हजाराची भर. दुसरीकडे १.०१ चा क्षवा घात, दर पावलाला फक्त एक टक्का, आणि सुरुवात अवघ्या १ पासून. शंभराव्या पावलाला रेषा एक लाखावर असते आणि वक्र २.७ वर. हजाराव्या पावलाला रेषा दहा लाखांवर, वक्र २१ हजारांच्या आत. इथे थांबलात तर वक्राचं काही खरं नाही असंच म्हणाल. पण १,४२४ व्या पावलाला वक्र रेषेला ओलांडतो, आणि दोन हजाराव्या पावलाला रेषा २० लाखांवर असताना वक्र जवळजवळ ४४ कोटींवर असतो.

याची सिद्धता बारावीच्या मुलाला पटेल अशी देता येते. रेषेत पुढच्या पावलाची किंमत आधीच्या किमतीच्या किती पट आहे ते बघा. शंभराव्यावरून एकशे एकाव्यावर जाताना १०१ भागिले १००, म्हणजे बरोबर १.०१ पट. दोनशेव्याला १.००५ पट. ही पट उतरत उतरत एकाकडे जाते. वक्राची पट मात्र कायम १.०१. म्हणून शंभराव्या पावलानंतर वक्र प्रमाणात जवळ येऊ लागतो.

पण इथे बरीच मुलं घाई करतात. ‘जवळ येतोय म्हणजे गाठणारच’ असं लिहून मोकळी होतात आणि माझ्याकडून निम्मे गुण गमावतात. जवळ येणं आणि गाठणं एक नाही. जवळ येण्याचा वेगही मंदावत गेला तर माणूस जन्मभर जवळ येत राहील आणि कधीच पोहोचणार नाही. म्हणून आणखी एक पायरी लागते. दोनशेव्या पावलानंतर रेषेची पट कधीच १.००५ च्या वर जात नाही, वक्राची १.०१ आहे. म्हणजे दर पावलाला वक्र निदान १.०१ भागिले १.००५ एवढ्या पटीने अंतर कापतो. ही पट एकापेक्षा थोडी का होईना मोठी आहे आणि ती घटत नाही. दोनशेव्या पावलाला रेषा वक्राच्या सुमारे २७ हजार पट आहे. एकाहून मोठ्या ठरावीक संख्येने पुन्हा पुन्हा गुणत राहिलं की २७ हजारच काय, कुठलाही आकडा ओलांडला जातो. इथे त्याला २,०६० पावलांहून जास्त कधीच लागणार नाहीत. प्रत्यक्षात बरीच कमी लागतात, कारण रेषेची पट आणखी उतरत जाते. हजाराच्या जागी एक कोटी घ्या, १.०१ च्या जागी १.०००१ घ्या, युक्तिवाद तोच. ‘अखेरीस’ या शब्दाची किंमत एवढी आहे.

मात्र ती १,४२४ पावलं महिने धरलीत तर ११८ वर्षं आणि आठ महिने होतात. गणिताने वक्र जिंकतो, पण बघायला पणतू लागतो. इथे तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो, जो तुम्ही सरळ विचारला नाहीत: आईचे पैसे कुठे ठेवायचे? याचं एकच उत्तर नाही. ते कशा-कशावर अवलंबून आहे ते सांगतो.

पहिलं, मुदत. तुमच्या आकड्यांनी अकरा वर्षांच्या आत पैसे लागणार असतील तर नुसत्या गणिताने मामाच बरोबर आहेत. आणि हे अकरा वर्षंही फार नाजूक आहेत. चक्रवाढीचा दर ८ ऐवजी ७ मिळाला तर तुम्ही मामांना सोळाव्या वर्षी गाठता. ६ मिळाला तर तेविसाव्या. दरात दोन टक्क्यांचा फरक, पण गाठण्याची वेळ दुपटीहून लांब गेली. म्हणून ‘कोण जिंकतं’ या प्रश्नाला मी पटकन उत्तर देतो, ‘कधी’ म्हटलं की कागद मागवतो.

दुसरं, व्याज हातात कधी येतं. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली ही आहे. मामांची रेषा रेषा राहते ती व्याज व्यापाऱ्याकडे तसंच पडून राहतं म्हणून. त्याने दरवर्षी १२,००० आईच्या हातात ठेवले आणि आईने ते तुमच्याच ८ टक्क्यांच्या ठेवीत टाकले तर काय होईल? न वर्षांनी रक्कम होते दीड लाख गुणिले १.०८ चा ‘न’वा घात, वजा पन्नास हजार. (करून बघा, भूमितीय श्रेढीची बेरीज आहे.) अकराव्या वर्षी ती २,९९,७४६ होते, तुमची २,३३,१६४. आणि हिला तुम्ही कधीच गाठत नाही, कारण आता ती रेषा उरलीच नाही, तीही घातांकी झाली आणि तुमच्यापेक्षा उंच. अहो, व्याज नुसतं ३ टक्क्यांच्या बचत खात्यात टाकलं तरी तुमचा विजय अकराव्या वर्षावरून सोळाव्यावर जातो. तेव्हा ‘सरळव्याज म्हणजे वाईट’ हे कुठल्याही फंक्शनने सिद्ध होत नाही. सरळव्याजाने मिळालेला पैसा निजून राहिला तर ते वाईट.

तिसरं, समोरचा माणूस. कुठलाही वक्र कागदावर अनंतापर्यंत जातो, व्यवहारात कुठेतरी अडतो. जलपर्णीला तलावाचा काठ लागतो आणि त्याच्या बऱ्याच आधी तिची वाढ मंदावते. कर्जाला देणाऱ्याची ऐपत लागते. आपल्या भागाने हे पाहिलंय. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-रोखे काढून जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याने न्यायालयाला खतावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार किती आणि व्याज किती हे उकरायची मुभा मिळाली. त्याहून जुना नियम दामदुपटीचा: थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करायचं नाही. गणिताच्या भाषेत सांगायचं तर रक्कम दुप्पट झाली की वक्राला छत. शेकडा एकच्या रेषेला हे छत शंभराव्या महिन्याला लागतं.

कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं की हे छत का घातलं ते कळतं. शेकडा दोनने घेतलेलं कर्ज सरळव्याजाने ५० महिन्यांत दुप्पट होतं. तेच व्याज दरमहा मुद्दलात मिळवत गेलं तर ३५ महिन्यांत. ठेवीत चक्रवाढ सोयीची वाटते, तीच कर्जात गळ्याशी येते. घरात काही कर्ज असेल, क्रेडिट कार्डाचं थकलेलं असेल, तर एक लाख आधी तिथे भरावेत. हा माझा आगाऊ सल्ला, विचारला नव्हतात तरी.

आता तुमच्या व्यापाऱ्याला मी ओळखत नाही. एवढंच सांगतो की बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही, आणि ओळखीच्या व्यापाऱ्याला दिलेल्या उसन्याला तर नाहीच. मी स्वतः असतो तर आईचे पैसे बँकेत ठेवले असते. पैज जिंकायला अकरा वर्षं लागली तरी चाललं असतं. मामांचं गणित कच्चं नाही. पण सातव्या वर्षी सुताचा भाव पडला तर आपली रेषा तिथेच तुटेल, हे त्यांनी धरलेलं नाही. आणि सगळं शेवटी एकदम देणार असल्याने तोवर कळणारही नाही. निदान व्याज दरवर्षी हातात द्यायला सांगा. दोन फायदे होतील. पैसा निजून राहणार नाही, आणि एखाद्या वर्षी व्याज चुकलं तर अकराव्याऐवजी त्याच वर्षी कळेल.

उरलं परीक्षेचं शेपूट. रेषा आणि घातांकी वक्र जास्तीत जास्त दोनदा छेदतात. कारण हा वक्र सतत एकाच बाजूला, वरच वळत जातो, आणि अशा वक्राला सरळ रेषा तिसऱ्यांदा भेटूच शकत नाही. ‘१०० क्ष आणि २ चा क्षवा घात कुठे छेदतात’ असा प्रश्न आला की बहुतेक मुलं एकच उत्तर देतात, दहाच्या जवळ. ते खरं आहे, ९.९६ च्या सुमारास. पण शून्याला रेषा ० वर आहे आणि वक्र १ वर, म्हणजे सुरुवातीला वक्रच पुढे असतो! पहिला छेद ०.०१ च्या जवळ कुठेतरी होतो आणि साध्या आलेख-कागदावर तो दिसतच नाही. म्हणून उत्तरात क्ष बरोबर शून्य, एक, नऊ आणि दहा या चार ठिकाणच्या दोन्ही किमती लिहून ठेवा: ० आणि १, १०० आणि २, ९०० आणि ५१२, १,००० आणि १,०२४. पारडं दोनदा फिरलेलं परीक्षकाला नुसत्या आकड्यांवरून दिसतं.

तुमच्या घरच्या वादातही छेद दोनच आहेत. एक अकराव्या वर्षात आणि दुसरा अगदी सुरुवातीला, ज्या दिवशी दोघांकडे एक लाखच होते त्या दिवशी. मावशींच्या ठेवीत दर दोन्हीकडे १२ च होता, तिथे रेषा आणि वक्र शून्याला भेटले आणि पुन्हा बरोबर एका वर्षाने भेटले. त्या दुसऱ्या भेटीच्या दिवशी, ३१ मार्चला, मी खातेवही मिटवून खाली सही केली होती.